बाईंचा नकार

बाईंनी हो म्हटलं नव्हतं. स्पष्ट नाही म्हटलं होतं, आणि ते मलाच म्हटलं होतं, फोनवर. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. बाई वारल्या तेव्हा अलिबागच्या स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. कोणीतरी म्हणालं, "नागावचं एकही माणूस आलं नाही, बघा." तेव्हा मला सांगता आलं असतं की ते का आले नाहीत. मी चप्पल शोधण्याचं निमित्त करून बाजूला झालो.

मी बोलणारा माणूस नाही. पन्नाशी ओलांडली, आता स्वभाव काही बदलायचा नाही. म्हणून लिहितो. कशाला नाही म्हटलं होतं ते पुढं येईलच. आधी बाई कोण, ते सांगायला हवं.

बाई सहकार शिकवायच्या. म्हणजे संस्था कशी काढायची, सभा कशी घ्यायची, ठराव कसा लिहायचा, आणि ज्यांचं एकट्याच्या कमाईत घर होणं शक्य नाही त्यांनी मिळून घरं कशी उभी करायची, याचे वर्ग गावोगाव घ्यायच्या. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी वर्ग थांबले नाहीत. मुंबईची एक संस्था खर्च द्यायची. त्याच संस्थेनं मला बाईंच्या हाताखाली दिलं. सतरंज्या, फळा, हजेरी आणि चहा एवढं माझं काम. बाकी बाईंची पिशवी उचलायची. ती जड असायची, कारण तिच्यात फक्कीचं एक आख्खं पोतं असायचं. खेळाच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ती पांढरी पूड. तिचं काय करायच्या ते सांगतोच.

बाई ठेंगण्या. अंगावर सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. ते घड्याळ बंद होतं. "वेळ बघायला नाही, लोकांना वाटावं की मी बघतेय म्हणून," असं म्हणायच्या. अलिबागला एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत आयुष्यभर भाड्यानं राहिल्या. लोक टोमणे मारायचे, "घरं शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचं घर नाही." बाई म्हणायच्या, "मला घर मिळालं तर मी वर्ग घेणं सोडून देईन. मी ओळखते मला."

सत्काराचा त्यांना तिटकारा होता, पण नारळ सोडायच्या नाहीत. कोणी शाल-श्रीफळ हातात ठेवलं की तिथंच म्हणायच्या, "कोयता आणा." नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे सगळ्या सभेत फिरवायच्या आणि सत्कार करणाऱ्या पुढाऱ्याला शेवटचा, सालाकडचा तुकडा द्यायच्या. "घरी नेला असता तर माझा झाला असता. आता सभेचा झाला. वर्ग संपला, जा घरी." आणि खरंच उठायच्या! मग लोकांनी हातापाया पडून बसवायचं.

दिघीच्या खाडीवर एकदा फेरीबोट उशिरा आली. आगरदांड्याला वर्ग होता, लोक पलीकडे वाट बघत बसलेले. बाईंनी धक्क्यावरच, फेरीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांना सहकार शिकवायला सुरुवात केली. एक मासेवाला वैतागून म्हणाला, "आज्ये, मला पलीकडं जायाचंय, सहकारात न्हाय." बाई म्हणाल्या, "फेरी तुमची असती तर वेळेवर आली असती की नाही, एवढंच सांग आणि जा." तो बिचारा विचारात पडला आणि फेरी आली तरी उत्तर शोधत उभा राहिला.

पण बाई म्हटलं की रायगडात अजून लोक कोंबड्यांची गोष्ट सांगतात.

आपल्याकडे सभेचा एक रिवाज आहे. अध्यक्ष ठराव वाचायला तोंड उघडतो न उघडतो, तोच मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" ऐकायचं कोणालाच नसतं, जेवायला जायचं असतं. बाईंना या एका शब्दाची चीड होती. आतल्या एका भातशेतीच्या गावात सोसायटीची सभा चालू होती. पाठोपाठ मंजूर, मंजूर चाललेलं. बाई उठल्या, अध्यक्षांच्या हातातला कागद घेतल्यासारखं केलं आणि त्याच कंटाळवाण्या सुरात वाचलं, "यापुढील ठराव. या सभेस उपस्थित असलेल्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरची एक कोंबडी आज सूर्यास्तापूर्वी बाईंकडे जमा करावी."

"मंजूर!"

बाई हसल्या नाहीत. "एकमताने मंजूर," असं लिहून घ्यायला लावलं, आणि सभा संपल्यावर माझ्या डोक्यावर एक डालगं देऊन दारोदार निघाल्या. पहिलंच घर अध्यक्षांचं. त्यांची बायको बाहेर आली. "अवो बाई, गंमत केली ना तुमी?"

"गंमत कसली? तुमच्या यजमानांनी मंजूर केलंय."

"त्ये कोन मंजूर करनार? कोंबडी माजी हाय!"

"मग सभेला तुम्ही यायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि डालग्याचं झाकण उघडून उभ्या राहिल्या.

कोंबडी घेतली. सगळ्यांच्या घेतल्या. गावभर बोंबाबोंब. सकाळी शाळेच्या पडवीत पुन्हा सभा बोलावली आणि यावेळी बायका नवऱ्यांच्या पुढं येऊन बसल्या. कोंबड्या परत द्यायचा ठराव बाईंनी प्रत्येकाकडून आधी मोठ्यानं वाचून घेतला. तेवढ्यात लक्षात आलं की एका कोंबडीनं अंडं घातलंय. बाईंचे डोळे चमकले. "आता सांगा, हे अंडं कोणाचं? कोंबडीवालीचं? डालगेवाल्याचं? माझं? की सगळ्यांचं?" दुपारपर्यंत भांडण चाललं. संस्थेचा नफा कसा वाटायचा, हे त्या गावाला त्यानंतर कधी शिकवावं लागलं नाही.

या गोष्टी सांगताना मला हसू येतं, आणि मग हसल्याची लाज वाटते.

नागावात बाईंनी जे सुरू केलं ते त्यांचं सगळ्यात लाडकं काम होतं. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये आता पर्यटकांची राहायची सोय झाली आहे, एकेक खोली शनिवार-रविवारी सोन्याच्या भावानं जाते. त्या खोल्या झाडणारी, तिथं रांधणारी, केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटींवरून पाहुण्यांना फिरवणारी माणसं मात्र मागच्या पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहतात, आणि मालकाला तीही जागा पाहुण्यांना हवी झाली की सामान बाहेर. वनिता त्यांतलीच, एका वाडीत स्वयंपाक करायची. नवरा गेलेला, सासू पदरी. अशी पुष्कळ कुटुंबं. बाईंनी त्यांना बचतीला लावलं, संस्था नोंदवली, समुद्रापासून आत, शेताच्या कडेला जमिनीचा एक तुकडा घेऊन दिला, तो बिनशेती करून घ्यायला अलिबागच्या कचेऱ्यांत बूट झिजवले. मी बरोबर होतोच, पिशवी घेऊन.

फक्की इथं लागायची. घर कागदावर दाखवणं बाईंना मान्य नव्हतं. त्या तुकड्यावर त्यांनी फक्कीनं एक घर आखलं, जेवढ्यास तेवढं. ही खोली, ही मोरी, हा ओटा. मग म्हणाल्या, "वनिता, आत ये. दारातून ये, भिंतीतून नको. चूल मांड. सासूला निजव. तूही नीज."

वनिता हसत हसत रेघांच्या आत आडवी झाली. तिचे पाय भिंतीच्या रेघेबाहेर गेले.

"बाई, पाय शेजाऱ्याकडं गेलं!"

"मग शेजाऱ्याला विचार, चालतील का."

शेजारच्या चौकटीत रशीदभाई बसले होते. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे, वयस्क, मिस्कील. ते म्हणाले, "वनिताबेन, पाय येऊ द्या, पण सासूबाईंचं घोरणं तिकडंच ठेवा, अल्ला तुमचं भलं करो."

दिवसभर ती माणसं त्या रेघांत राहिली. तिथंच जेवली. कुठं खिडकी हवी, कुठं नको, यावर भांडली. बाईंनी पायानं रेघा पुसायच्या, नव्या मारायच्या. संध्याकाळी वनिता आपल्या रेघेतून दारानंच बाहेर पडली, आणि जाताना कडी लावल्यासारखा हात केला. मी ते बघितलं. तिनं ते गमतीनं केलं नव्हतं.

बांधायला पैसा नव्हता. बँका अशा माणसांना दारात उभं करत नाहीत. बाईंचं म्हणणं, आधी जोती घालू, मग एक रांग, ज्यांची निकड जास्त ते आधी आत जातील आणि त्यांचं वाचलेलं भाडं पुढच्या रांगेला लावू. हळू होईल, पण आपलं राहील. मला ते फार हळू वाटायचं. मी थकलो होतो. खरं म्हणजे बाईंची पिशवी उचलून थकलो होतो.

त्या सुमाराला अलिबागच्या एका रिसॉर्टमध्ये सामाजिक वित्तपुरवठा आणि परवडणारी घरं या विषयावर कार्यशाळा झाली. मुंबईहून, दिल्लीहून बोलणारे आले. पडद्यावर चित्रं. आमच्या संस्थेनं बाईंना, वनिताला आणि रशीदभाईंना "लाभार्थी" म्हणून बोलावलं होतं. घरांवर बोलणारा प्रत्येक वक्ता बोलून झाला की बाई उठायच्या आणि एकच विचारायच्या, "काल रात्री आपण कुठं झोपलात?" पहिला लाजला, दुसरा चिडला, तिसऱ्यानं बाईंचा माईकच बंद करवला. वनिता पदरात तोंड लपवून हसत होती.

जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ माझ्या मागं उभे राहिले. अशा माणसाला आमच्याकडे "पार्टी" म्हणतात, मीही तेच म्हणतो. पार्टीनं माझी सगळी माहिती आधीच काढली होती. मला "सर" म्हणाले. म्हणाले, "सर, प्रत्यक्षात हे सगळं तुम्हीच उभं केलंय, नाही का?" मला असं कोणी विचारलं नव्हतं. बांधकामाचा सगळा पैसा ते घालणार होते. बदल्यात त्यांच्या ओळखीची काही माणसं संस्थेत सभासद करून घ्यायची, त्यांनाही तिथंच घरं. एवढंच. आणि कारभार बघायला पगारी सचिव लागेलच, त्याचं नावही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

सभेच्या आधी बाई पायाचं हाड मोडून पनवेलच्या दवाखान्यात पडल्या. मी फोन केला, ठराव वाचून दाखवला. मग त्या म्हणाल्या, "नाही. पैसा घे, कर्ज म्हणून घे, पण ती माणसं आत नको. सहकारात माणशी एक मत असतं. ते आपल्याहून जास्त झाले की घर त्यांचं." मी म्हटलं, "बाई, मग हे कधीच होणार नाही." त्या म्हणाल्या, "मी नको म्हणते म्हणून थांबवू नकोस. ठरवायचं त्यांनी. पण त्यांना सांग की बाई नको म्हणते, आणि का म्हणते तेही सांग. मग त्यांचं ते बघतील."

सभेत मी अध्यक्षाच्या खुर्चीच्या शेजारी बसलो. पहिल्यांदा. ठराव वाचला. आणि कोणी मंजूर म्हणालं नाही. बाईंनी एवढं शिकवलं होतं.

रशीदभाई उठले. "साहेब, जरा परत वाचा." वाचला. "ही नवी माणसं आमच्याहून जास्त आहेत का कमी?" मी म्हटलं, थोडी जास्त. "मत तर माणशी एकच ना? मग उद्या त्यांनी काही ठरवलं तर?"

मी काहीतरी म्हणालो, भली माणसं आहेत वगैरे. कोणाचं समाधान झालं नाही. मागून कुजबुज सुरू झाली. माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा ती पिशवी आली.

मग वनिता म्हणाली, "भाऊ, बाईंना इचारलंय का?"

"विचारलंय."

"काय म्हनाल्या?"

"बाईंना मान्य आहे," मी म्हटलं.

एवढंच. वनितानं मान डोलावली. "बाईंना चालतंय तर मग काय." पहिला हात तिनं वर केला. रशीदभाईंनी सगळ्यांत शेवटी केला, माझ्याकडे बघत.

घरं झाली, चांगली झाली. बाईंनी सांगितलं होतं तेच मग झालं, कायद्याला धरून, रीतसर सभा घेऊन. नव्या सभासदांनी बाग ठरवली, पोहण्याचा तलाव ठरवला, पहारेकरी ठरवले आणि या सगळ्याचा दरमहाचा खर्च सगळ्यांवर सारखा लावला. आमच्या माणसांना तो झेपेना. थकबाकी वाढली, नोटिसा गेल्या. त्या नोटिसांवर सचिव म्हणून सही माझी. एकेकानं आपलं घर त्यांनाच विकलं आणि पुन्हा पत्र्याच्या खोल्यांत गेला. रशीदभाई दिघीला बहिणीकडे गेले. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी ओळखलं होतं.

बाकीच्यांनी बाईंना दोषी धरलं.

पाय धड न जुळलेल्या बाई काठी टेकत इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच नागावला आल्या, तेव्हा मी बरोबर होतो. वनिता रस्त्याच्या कडेला मासळी विकत घेत होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली. "कशाला आलात? बघायला? तुमीच व्हय म्हनालात ना? तुमच्या तोंडाकडं बघून हात वर केला आमी!" लोक जमले. कोणीतरी म्हणालं, पार्टीकडून काय मिळालं ते विचारा.

बाईंना एका क्षणात सगळं कळलं. त्या माझ्याकडे वळल्या. वर्गात जो बोललेला नसे त्याच्याकडे बघत त्या थांबायच्या, कितीही वेळ, तो बोलेपर्यंत. तशा थांबल्या. मासळीवालीनंसुद्धा हात थांबवला होता.

मी बोललो नाही.

मग बाई वनिताला म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि वळून चालायला लागल्या. मी मागून गेलो. थांब्यावर पोहोचल्यावर म्हणाल्या, "एसटीला वेळ आहे. तू जा, तुझं ऑफिस असेल."

त्यानंतर मी एकदाच त्यांच्या खोलीवर गेलो. लाँड्रीच्या वाफेचा वास, भिंतीशी फक्कीचं पोतं. त्या वर्ग घेत नव्हत्या. त्यांना बोलवायचं लोकांनी सोडलं होतं, गोष्ट किनारपट्टीभर पसरली होती. मी विचारलं, "बाई, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

त्यांनी चहा ओतला. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुला त्यांनी हाकललं असतं. मी म्हातारी. माझ्यानंतर तिथं त्यांच्या बाजूनं कचेरीत जाणारं, कागद वाचणारं कोण? तूच. बरा-वाईट, पण तूच. दोघंही गेलो असतो तर त्यांच्याकडे कोणी उरलं नसतं."

मी पार्टीचा पगार घेतो हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. चहा पिऊन निघालो.

मला यातून काही मिळालं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. खोटं आहे. मला पगार मिळाला, अजून मिळतो. तलावाच्या बाजूला माझं छोटं ऑफिस आहे, पंखा आहे, दारावर पाटी आहे. जुन्यांपैकी त्या इमारतीत आता कोणीही राहत नाही. त्यांच्या बाजूनं मी एकही कागद वाचला नाही.

वनिता तिथं येते, शनिवार-रविवारी. मुंबईचे लोक उतरले की त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळी करायला. तिच्याच घरात एक जोडपं उतरतं, तिथंही जाते. निघताना ऑफिसात डोकावते, कधी कालवण देते डब्यातून. "खावा भाऊ. तुमी एकटेच आमचे र्‍हायलात." मी डबा घेतो. घरी नेऊन खातो.

बाई गेल्याचं मीच तिला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्यासाठी तवाच गेल्या त्या. इकलं त्यांनी आमाला." आणि मग जरा वेळानं, "तुमी कशाला रडता, भाऊ? तुमचा काय दोष?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथं दुसरं कोणी नव्हतं. मी डोळे पुसले आणि ऑफिसात जाऊन बसलो.

हे छापून आलं तरी वनिता ते वाचणार नाही, आणि लिहिल्यानं माझं देणं फिटत नाही. मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की बाईंनी नाही म्हटलं होतं, हो मी म्हटलं. मग दिघीला जाऊन रशीदभाईंना सांगायचं आहे. मग बाकीच्यांना, एकेकाच्या दारात. एवढं देणं मी लागतो. आजपर्यंत त्यातलं काहीही दिलेलं नाही.